ग्लोव्हला पडलेलं भोक आणि माझी पाठ

माझा गोल्फचा, डाव्या हाताचा ग्लोव्ह गेल्या वर्षी तिसऱ्यांदा फाटला. तिन्ही वेळा एकाच जागी, करंगळीच्या खाली, मनगटाला लागून तळहाताची जी गादी असते तिथे. ग्लोव्ह वापरून फाटतो, त्यात नवल नाही. पण वर्षात तीन ग्लोव्ह जावेत, बोटांकडची कातडी नव्यासारखी राहावी आणि तेवढीच एक रुपयाएवढी जागा झिजून आरपार व्हावी, याचा अर्थ लावायला मला फार वेळ लागला. साताऱ्यासारख्या गावात एकट्याने गोल्फचा सराव करणारे माझ्यासारखे जे कुणी असतील, त्यांचा तरी वेळ वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी बँकेत आहे. २०१८ ते २०२२ पुण्याला होते. तिथे एका वरिष्ठ मॅडमनी शनिवारी सहज म्हणून ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे चेंडू मारायचा सराव करतात त्या मैदानावर, नेलं आणि मला या खेळाचं वेड लागलं. पुढे साताऱ्याची बदली मागून घेतली, कारण आई गेल्यावर आबा एकटेच होते. गोडोलीत आमचं घर आहे. गच्चीवर पश्चिमेच्या बाजूला क्रिकेटच्या नेटला वापरतात तसली दुहेरी जाळी बांधून घेतली, खाली रबरी मॅट टाकली. रोज सकाळी सहा ते पावणेसात मी अजिंक्यताऱ्याच्या दिशेने चेंडू मारते. महिन्यातून एकदा पुण्याला रेंजवर जाते, शंभर-सव्वाशे चेंडू मारून संध्याकाळपर्यंत परत.

जाळीत चेंडू पुढे कुठे वळला असता ते कळत नाही. ते पुण्यात कळायचं. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या मधल्या लांबीच्या क्लबने, मारलेला चेंडू निघायचा सरळ आणि अर्ध्यात उजवीकडे वळायचा, म्हणजे स्लाइस. त्यावर इलाज म्हणून मी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पकड, बदलायला घेतली. चेंडूला लागताना क्लबचा फेस, म्हणजे चेंडूवर आपटणारी सपाट बाजू, उघडा (उजवीकडे वळलेला) राहतो म्हणून स्लाइस होतो, आणि फेस हातांच्या ताब्यात असतो, तेव्हा दोष हातांतच असणार, असा माझा हिशोब. रेंजवर शिकवणाऱ्या एकांनीही तेच सांगितलं: "डावा हात अजून उजवीकडे फिरवा."

मग वर्षभर हेच. आधी उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवणारी ओव्हरलॅप पकड होती. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी वॉर्डनच्या नावाने ती ओळखली जाते. माझे हात लहान, म्हणून करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवणारी इंटरलॉक करून पाहिली. जॅक निकलस तशीच धरायचा, त्याचेही हात लहान होते, हे वाचून मला मोठा धीर आला होता. दहाही बोटं दांड्यावर ठेवून पाहिली. वरून बघताना डाव्या हाताची किती पेरं, म्हणजे बोटांच्या मुळाशी उठून दिसणारे सांधे, दिसतात ते मोजायचे. दोन दिसली की न्यूट्रल (मधली) पकड, तीन-चार दिसली की स्ट्राँग, म्हणजे हात जास्त उजवीकडे फिरलेला. आज दोन, उद्या तीन, परवा साडेतीन. साडेतीनवर स्लाइस थोडा कमी झाला, पण मधूनच एखादा चेंडू जमिनीलगत डावीकडे पळायला लागला. एक उजवीकडे, दुसरा डावीकडे. आधी निदान चूक तरी एकच होती, तीही हातची गेली.

आणि कोपर दुखायला लागलं. डाव्या हाताचं, बाहेरच्या बाजूचं. पोळ्या लाटताना कळ यायची.

फिजिओथेरपिस्ट बाईंना मी गोल्फचं सांगितलं. त्यांना या खेळाची काही माहिती नव्हती, आणि आज वाटतं ते बरंच झालं. त्यांनी क्लब मागितलाच नाही. टेबलावरची दोन पेनं माझ्या दोन मुठींत दिली आणि म्हणाल्या, "हात सोडा आणि नेहमीसारख्या उभ्या राहा. आता खाली बघा, पेनांची टोकं कुठे आहेत?"

टोकं एकमेकींकडे वळलेली होती. माझ्या मांड्यांपुढे दोन्ही पेनं जवळजवळ आडवी झाली होती आणि हातांच्या पाठी पुढे आल्या होत्या.

"आता खांदे मागे न्या. ताणू नका, नुसती छाती मोकळी करा." मी तसं केलं आणि पेनं आपोआप फिरली, टोकं समोर झाली. मी मनगट हलवलं नव्हतं, मूठ सैल किंवा घट्ट केली नव्हती. खांदे दोन बोटं मागे गेले आणि मुठीतली वस्तू तेवढ्याने वळली. त्यांनी कारण सांगितलं: खांदा पुढे गोल झाला की दंडाचं हाड आतल्या बाजूला फिरतं, त्याच्यामागून हात आणि तळवाही फिरतात. सव्वीस वर्षं संगणकासमोर बसून माझे खांदे तसे झाले होते.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेले आणि क्लब न घेता नुसती त्या पेनांचा विचार करत बसले. वर्षभर मी पेरं मोजत होते ती वाकलेल्या खांद्यांनी, पुढे झुकलेल्या मानेने. डोकं हातांच्या वर आणखी पुढे गेलं की पेरं बघायचा कोनही बदलतो. माझ्या पोक काढलेल्या अंगाला जी दोन पेरं दिसत होती, ती ताठ अंगाची दोन पेरं नव्हतीच. ती आणण्यासाठी मी मनगट पिळत होते, आणि स्विंगच्या वेगात ते पीळ सुटून हात आपल्या मूळ जागी जात होता. रोज वेगवेगळा. मग चेंडूने तरी एका दिशेला का जावं?

पण नुसतं छाती काढून उभं राहिलं की चेंडूपर्यंत पोचता येईना. वाकायला तर हवं. वाकले की पाठ पुन्हा गोल. इथे आबा आले.

आबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावच्या तालमीत त्यांनी पंचवीस वर्षं पोरांना कुस्ती शिकवली. गोळेश्वर तिथून जवळ. १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचा फोटो त्या तालमीत हनुमानाच्या शेजारी असायचा, लहानपणी मी त्याला नमस्कार करायची. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे आबांनी मला शाळेच्या पुस्तकाआधी सांगितलं होतं. आबा सकाळी गच्चीवर तुळशीला पाणी घालायला येतात. माझा खेळ ते रोज बघत होते, पण कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मी क्लब न मारता नुसती वाकते आणि सरळ होते, वाकते आणि सरळ होते, हे पाहून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"काय करतीस गं?"

"वाकायचंय आबा, पण पाठ न वाकवता."

"मग पाठीतनं कशाला वाकतीस? खुब्यातनं वाक की." त्यांनी माझ्या कमरेच्या खाली, मांडी जिथे धडाला जोडलेली असते तिथल्या घडीवर बोट टेकवलं. "हितं बिजागरी हाय माणसाला. दार बिजागरीत फिरतं, फळी मोडून फिरत न्हाई."

मग ते खाली जाऊन त्यांची फिरायची काठी घेऊन आले. काठी माझ्या पाठीवर उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. वाकताना तिन्हींतली एकही जागा सुटता कामा नये. पहिल्यांदा वाकले तेव्हा माकडहाड लगेच सुटलं. दुसऱ्यांदा डोकं सुटलं. "ढुंगण मागं ने," आबा म्हणाले, "मागं भिंत हाय, तिला लावायचंय असं समज." आणि त्यांनी मला खरंच भिंतीजवळ नेलं. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून मागे सरकत गेले आणि बैठक भिंतीला लागली, तेव्हा वरचं अंग आपसूक पुढे झुकलेलं होतं, पाठ काठीसारखीच सरळ होती, आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या. गुडघे मी वाकवले नव्हते, ते तेवढेच सैल झाले. वजन चवड्यांवरून उठून तळपायाच्या मधोमध आलं.

कुस्तीत पवित्रा घेतला की पैलवान असाच उभा राहतो. पाठ वाकली की समोरचा मान धरून खाली ओढतो, टाचांवर राहिलं की मागे पडतो. "हात मोकळं पायजेत," आबा म्हणाले. "पवित्रा बरुबर असला की हात मोकळं ऱ्हात्यात. तुझं हात तुला धरून ऱ्हायलेत."

आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तसं उभं राहून मी हात सोडले. ते खांद्यांच्या थेट खाली लोंबले, मांडीपासून मूठभर अंतरावर. त्या जागी डाव्या हातात क्लब घेतला. दांडा तळहातात गेलाच नाही. तो तिरका, तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत, बोटांच्या वळणात बसला, आणि तळहाताची ती गादी, जिथे ग्लोव्हला भोक पडायचं ती, दांड्याच्या वर येऊन टेकली. वर्षभर फोटो बघून मी हीच पकड आणायचा प्रयत्न करत होते आणि ती टिकत नव्हती.

का टिकत नव्हती ते दोन्ही प्रकारे उभं राहिलं की लगेच कळतं. पोक काढून, पाय ताठ ठेवून चेंडूकडे हात लांबवले की हात आणि क्लबचा दांडा जवळजवळ एका रेषेत येतात. एका रेषेत आलेला दांडा बोटांत धरताच येत नाही, तो तळहातातून आडवा जातो. हात खाली लोंबते ठेवले की मनगटापाशी कोन तयार होतो आणि त्या कोनात दांडा आपोआप बोटांत येतो. तळहातात धरलेल्या क्लबला मनगट नीट मोडता येत नाही. प्रत्येक स्विंगला दांडा किंचित सरकतो, तो सरकू नये म्हणून मूठ आवळली जाते, आवळलेल्या मुठीचा ताण कोपरापर्यंत जातो. सरकणाऱ्या दांड्याखाली ग्लोव्हची गादी घासली जाते. माझं भोक, माझं कोपर आणि माझा स्लाइस हे तीन वेगळे आजार समजून मी वेगवेगळ्या ठिकाणी दाखवत फिरत होते.

उजव्या हाताचीही एक गोष्ट आहे. उजवा हात दांड्यावर डाव्याच्या खाली असतो, म्हणजे त्याला तेवढं लांब पोचावं लागतं. मी ते खांदा पुढे आणून पोचवत होते. उजवा खांदा पुढे आला की दोन्ही खांद्यांची रेघ निशाणाच्या डावीकडे वळते. मग क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून आपल्याकडे, चेंडू कापत येतो आणि त्यात फेस उघडा राहिला की स्लाइस ठरलेला. पोचायचं ते उजवा खांदा थोडा खाली नेऊन, कणा किंचित उजवीकडे कलवून. फरक दोन-तीन बोटांचा आहे, पण छातीवर क्लब आडवा धरून पाहिला तेव्हा आधीची रेघ जाळीच्या डाव्या खांबाकडे जात होती.

याचं आणखी एक चिन्ह माझ्या क्लबवरच होतं. सात नंबरच्या आयर्नचा तळ पाहिला तर मॅटवर घासून आलेली चकाकी टोकाकडे होती, मध्ये नव्हती. लांबवलेल्या हातांची मूठ वर राहते, मूठ वर राहिली की क्लबचं टोक खाली आणि टाच उचललेली, आणि टोक आधी टेकलं की फेस उजवीकडे उघडायला बघतो. एका दुकानात मला सांगितलं होतं की तुमच्या उंचीला हे क्लब चुकीचे आहेत, लाय अँगल (दांडा आणि क्लबचा तळ यांतला कोन) बदलून घ्या किंवा नवा सेट घ्या. मी जवळजवळ पैसे भरले होते. उभं राहणं बदलल्यावर महिन्याभराने मी तळाला मास्किंग टेपचा तुकडा लावून पंधरा चेंडू मारले. टेप मधोमध फाटली होती. क्लब तेच.

हे सगळं एका सकाळी झालं असं लिहिण्यावरून वाटेल. प्रत्यक्षात तीन महिने गेले आणि पहिले तीन आठवडे फार वाईट होते. चेंडूच लागेना. नव्या जागेवरून मॅट आधी लागायची, हातांना झणका बसायचा. बोटांतली पकड इतकी सैल वाटायची की क्लब जाळीच्या पलीकडे, शेजारच्या अंगणात जाईल अशी भीती वाटे. त्या भीतीने पुन्हा मूठ आवळायची. एकदा उलट टोकाला गेले. पाठ सरळ ठेवायच्या नादात कंबर इतकी आत घेतली की दोन दिवस उठता-बसता कंबरेत भरून यायचं. फिजिओ बाईंनी पाहिलं आणि सांगितलं, गोल पाठ जशी चूक तशीच ही आत वळलेली कंबरही, पोट जरा आत घ्या, बरगड्या खाली येऊ द्या. ते वाक्य मी कागदावर लिहून जाळीच्या खांबाला चिकटवलं.

त्यांनीच खुर्चीवरचा प्रयोगही दाखवला. खुर्चीत पोक काढून बसा आणि उजवीकडे वळून मागे बघा. मग ताठ बसा आणि पुन्हा वळा. ताठ बसल्यावर मी भिंतीवरचं घड्याळ पाहू शकत होते, पोक काढून फक्त दरवाजापर्यंत नजर जात होती. पाठ गोल असली की ती फिरत नाही, अंग फिरलं नाही की बॅकस्विंगमध्ये हात एकटेच वर जातात, आणि एकटे गेलेले हात खाली येताना बाहेरून येतात. हे मला कुणी बोलून सांगितलं असतं तर पटलं नसतं, मानेने सांगितलं ते पटलं.

रोजचा क्रम मी असा ठरवला. क्लब हातात घ्यायच्या आधी उभी राहते. भिंत, काठी, मग हात सोडायचे आणि ते थांबेपर्यंत वाट बघायची. लोंबते हात झोक्यासारखे थोडे हलतात आणि एका जागी स्थिर होतात. त्या जागी दांडा आणायचा. आधी डावा, मग खांदा खाली नेत उजवा. पेरं शेवटी बघायची. ती दोन किंवा अडीच असतात. बहुतेक ठिकाणी शिकवताना ग्रिप आधी आणि उभं राहणं नंतर असा क्रम असतो, आणि ज्यांचे खांदे जागेवर आहेत त्यांना तो चालतही असेल. माझ्यासारख्या खुर्चीत आयुष्य गेलेल्या बाईने तो उलटा करावा असं माझं ठाम मत झालं आहे.

सकाळच्या उन्हाची मला मोठी मदत झाली. मी उत्तरेकडे तोंड करून उभी असते, ऊन पूर्वेकडून येतं, आणि माझी सावली जाळीच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडते, बाजूने काढलेल्या फोटोसारखी. पाठीची रेघ, लोंबते हात, मांडी आणि मुठीमधली फट, सगळं भिंतीवर. हिवाळ्यात ऊन उशिरा येतं म्हणून सरावाची वेळही मी अर्धा तास पुढे ढकलली. फोनवर व्हिडिओ काढून मग बघण्यापेक्षा हे मला जास्त उपयोगी पडलं, कारण चूक होत असतानाच दिसायची. सावलीला मानेपाशी उंचवटा दिसला की थांबायचं.

चौथ्या महिन्यात पुण्याला गेले. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत पोटात गोळा होता. पहिले दहा चेंडू छोट्या वेजने, म्हणजे जवळच्या फटक्याच्या आखूड क्लबने, मारले, मग सात नंबर काढली. पहिला थोडा जाड लागला, म्हणजे चेंडूआधी जमीन लागली. दुसरा उडाला आणि मी उजवीकडे बघत राहिले, कारण नजरेला तीच सवय. तो उजवीकडे नव्हता. समोरच्या पिवळ्या झेंड्याच्या जरासा डावीकडे पडून थांबला. सात नंबरने पन्नास चेंडू मारले, त्यांतले आठ-नऊ उजवीकडे वळले, आणि ते सगळे शेवटच्या वीसांत, म्हणजे दमल्यावर पाठ पुन्हा गोल व्हायला लागली तेव्हाचे. हे मोजून मला फार आनंद झाला. चूक कुठून येते हे आता मला ठाऊक होतं.

ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याचा सगळ्यात लांब क्लब, अजून बसलेला नाही. तो लांब, चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) उंच, त्यामुळे कणा उजवीकडे आणखी कलवावा लागतो, आणि तसं केलं की मी उजवा गुडघा आत टाकते. त्यावर सध्या काम चालू आहे. कोपर दुखायचं जवळजवळ थांबलंय, जास्त सराव झाला तर रात्री जाणवतं.

परवा आबांनी पहिल्यांदा क्लब मागितला. "बघू तरी कसलं वजन हाय." मी सात नंबर त्यांच्याकडे दिली आणि मॅटवर उभं केलं. काहीच सांगितलं नाही. त्यांनी पाय खांद्याएवढे फाकवले, बैठक मागे नेली, आणि शहात्तराव्या वर्षी त्यांची पाठ त्या काठीसारखी सरळ झुकली. हात खाली सुटलेले. संधिवाताने त्यांची बोटं पेरांवर सुजली आहेत, नीट मिटत नाहीत. मी दांडा त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर नुसता टेकवला आणि गादी वर ठेवली. उजवा हात त्यांनी स्वतःच आणला, खांदा खाली नेऊन. मी त्यांच्या जागी डोकं नेऊन वरून पाहिलं. दोन पेरं दिसत होती.

चेंडू त्यांनी मारला नाही. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग क्लब माझ्याकडे देत म्हणाले, "हलकं हाय की गं. एवढ्यासाठी एवढा जोर लावत होतीस?" आणि तांब्या उचलून तुळशीकडे गेले.